मिलानला बरिस्ता स्पर्धेत जज म्हणून जायचंय, व्हिसापासून जिभेपर्यंत काय काय तयारी करू?

दरवळ_पुणे

मंडळी नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी कॉफी रोस्टिंगमध्ये आहे, पुण्यात छोटीशी रोस्टरी आहे, आपल्याकडच्या स्पर्धांना सेन्सरी जज (म्हणजे चव-वास तपासणारी) म्हणून बसलेय. आता मिलानच्या एका आंतरराष्ट्रीय बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेकडून जज म्हणून आमंत्रण आलंय. नियम वर्ल्ड बरिस्ता चॅम्पियनशिपच्या धर्तीवरचेच, म्हणजे १५ मिनिटांत ४ एस्प्रेसो, ४ दुधाची ड्रिंक्स, ४ सिग्नेचर ड्रिंक्स (स्पर्धकाने स्वतः रचलेली), समोर चार सेन्सरी जज, शिवाय काम करायची पद्धत बघणारा टेक्निकल जज आणि सगळ्यांवरचा हेड जज. मानधन शून्य, राहायची सोय ते करतायत, तिकीट आपलं आपण. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पदरचे पैसे घालून दुसऱ्याची कॉफी प्यायला जायचं?" आता यावर काय बोलणार.

प्रश्न बरेच आहेत, एकत्रच विचारते. व्हिसा टुरिस्ट घ्यायचा की बिझनेस? पैसे मिळणार नाहीत पण फिरायलाही चालले नाहीये. दुसरं म्हणजे जीभ. आमच्याकडे रोजच्या जेवणात ठेचा, लोणचं, लसूण चटणी सगळं असतं, ते किती आधीपासून बंद करायचं? एका दिवसात इतक्या एस्प्रेसो पोटात गेल्या की हात थरथरायला लागतात, तिकडे तर सलग दोनतीन दिवस असणार, लोक काय करतात? आणि सगळ्यात जास्त धाकधूक याची की बाकीचे जज युरोप-कोरिया-ऑस्ट्रेलियाचे, मुरलेले, आणि स्पर्धक म्हणणार ब्लॅककरंट, बर्गामोट, एल्डरफ्लॉवर. या परक्या फळाफुलांतलं अर्धं मी वासाच्या किटच्या बाटलीतून हुंगलंय फक्त. माझे मार्क त्यांच्यापेक्षा वेगळे आले तर?

ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

बोर्डिंग_पास

अभिनंदन ताई! जिभेतलं मला ओ की ठो कळत नाही, मी पक्का चहावाला, पण कामासाठी युरोपच्या वाऱ्या चालू असतात म्हणून कागदांचं सांगतो.

शेंगेनचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) शॉर्ट स्टे व्हिसा लागेल, टाइप सी. टुरिस्ट की बिझनेस हे आपल्या मनाने ठरवू नका, आयोजकांचं पत्र काय म्हणतंय त्यावर सगळं आहे. पत्र, फॉर्म, कव्हर लेटर आणि राहण्याचं बुकिंग, चारही कागद एकच गोष्ट बोलले पाहिजेत. पत्र नुसतं "आपल्याला आमंत्रित करताना आनंद होतोय" असं गोड गोड नको, त्यात पासपोर्टवर आहे तस्संच नाव, स्पर्धेच्या तारखा, जागेचा पत्ता, तुम्ही जज म्हणून विनामोबदला येताय आणि राहण्याचा खर्च ते उचलतायत हे स्वच्छ लिहून घ्या. तिकीट तुमचं तुम्ही म्हणजे बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न तुमचेच लागणार. स्वतःचा धंदा आहे तर जीएसटी किंवा शॉप ॲक्टचा कागदही जोडा, परत यायला कारण आहे हे दिसतं त्यातून.

फी मोठ्यांना ९० युरो (जून २०२४ पासून वाढलीय), वर व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज घेणारी एजन्सी) सर्व्हिस चार्ज. इन्शुरन्स किमान ३० हजार युरो कव्हरचा आणि पूर्ण शेंगेनला लागू असा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, निर्णय साधारण १५ दिवसांत पण ४५ पर्यंत लांबवायचा अधिकार आहे त्यांना, त्यामुळे पत्र आलं की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट बघायला लागा. सीझनला स्लॉट मिळणं म्हणजे गणपतीत कोकणचं रेल्वे तिकीट.

आणि ऑक्टोबर २०२५ पासून बॉर्डरवर नवीन सिस्टीम चालू झालीय, बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, रांग लागू शकते. सकाळी उतरून दुपारी थेट ट्रेनिंगला हजर असला प्लॅन करू नका.

अवांतर: बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिकडच्या मित्रमंडळींना पेढे नाहीत, तूप नाही. भाकरवडी जाईल.

सदाशिवपेठी

सासूबाईंशी शंभर टक्के सहमत. कॉफीत एक तर जायफळ असतं नाहीतर नसतं, यात मार्क कसले द्यायचे? आणि ते इटलीत? सन २००० मध्ये मोंटे कार्लोला ही वर्ल्ड स्पर्धा सुरू झाली, पहिला नॉर्वेचा, मग लागोपाठ डेन्मार्कचे, पुढे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपान, तैवान, पोलंड सगळे जिंकून गेले, पण २०२४ पर्यंतच्या यादीत एस्प्रेसोच्या माहेरचा एकही माणूस नाही. यावरून एक तर इटालियनांना कॉफी कळत नाही किंवा जजेसना. काय ते ताईंनी जाऊन ठरवावं.

नॉकबॉक्स

@सदाशिवपेठी काका, विजेत्यांची यादी तोंडपाठ आहे म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच 😄

@दरवळ_पुणे, मी बरीच वर्षं टेक्निकल आणि सेन्सरी दोन्ही बाजूंनी जजिंग केलंय, बाहेरही. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण खरी भीती तीच दिसतेय. तुला तिथे तुझी आवड विचारायला बोलावलेलं नाही. मार्क ० ते ६ या पट्टीवर, १ म्हणजे कसंबसं चाललं, ३ चांगलं, ४ खूप चांगलं, ५ उत्कृष्ट, ६ जवळपास कुणाला मिळत नाही. स्पर्धेआधी कॅलिब्रेशन असतं, त्यात सगळे जज एकच शॉट (एस्प्रेसो) पितात, पाटी वर करतात आणि मग खरी मजा. एकाचे ४, एकाचे अडीच. हेड जज विचारणार का? तेव्हा "मला नाही आवडली" हे उत्तर चालत नाही, "त्याने लिंबू म्हटलं, मला आंबटपणा लागला पण तो कच्च्या कैरीसारखा टोचरा, गोडवा मागून येईल म्हणाला तो आलाच नाही" हे चालतं. त्या खोलीत सगळ्यांची पट्टी एक होते. त्यामुळे कोरियाचा जज तुझ्यापेक्षा मुरलेला असला तरी दुसऱ्या दिवशी टेबलावर तुम्ही दोघं एकाच मापाने मोजत असता. तिथे गप्प बसू नकोस. आपल्याकडचे लोक कॅलिब्रेशनला मान डोलावतात आणि मग मार्कांच्या शीटवर वेगळंच लिहितात, त्याचा त्रास स्पर्धकाला होतो. मार्क वेगळे येणं हा गुन्हा नाहीच, कारण देता न येणं ही अडचण आहे.

आता प्रत्यक्ष टेबल. स्पर्धक बोलत बोलत कप ठेवतो, तू कप उचलायच्या आधी तो काय सांगतोय ते ऐक आणि लिही, कारण चव जुळली की नाही याचे मार्क आहेत आणि त्याने सांगितलेलं तुला आठवलंच नाही तर जुळवणार कशाशी? मग चमचा पुढून मागे असा तीनदा फिरवायचा, कारण एस्प्रेसोत खाली दाट आणि वर पातळ असे थर असतात, न ढवळता प्यायलीस तर वरचा कडवट फेसच तोंडात येतो. दोन घोट. पहिला घोट जिभेला सवय व्हायला, दुसऱ्यावर लिही. स्पर्धकाने पिण्याची वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळायची. हे सगळं चालू असताना तो तुझ्या चेहऱ्याकडे बघतोय, वर्षभर तयारी केलेली असते बिचाऱ्याने, तुझी भुवई हलली तरी त्याचा हात हलतो. चेहरा प्रसन्न ठेव आणि तेवढाच ठेव. कडू लागली तरी, अमृत लागली तरी.

टेक्निकलवाला त्याच वेळी मशीनमागे फिरत असतो. ग्रुप हेडमधून (मशीनचं पाणी येणारं तोंड) शॉटआधी पाणी सोडलं का, पोर्टाफिल्टर (पूड भरायचा दांड्याचा कप) कोरडा पुसला का, टॅम्प (पूड दाबणं) सरळ बसला का, शॉट्सच्या वेळेत ३ सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला का, स्टीम वाँड (वाफेची नळी) आधी-नंतर पुसून वाफ सोडली का, शेवटी जगमध्ये दूध ९० मिलिलिटरपेक्षा जास्त उरलं का. ते तुझं काम नाही, तिकडे डोळे जाऊ देऊ नकोस. ओल्या फडक्याने वाँड आणि त्याच फडक्याने टेबल पुसताना दिसलं तरी तुझ्या शीटवर चवच.

वेळेचंही तुझ्याकडे नाही, पण माहिती असू दे. १५ मिनिटांवर गेला की प्रत्येक सेकंदाला एक मार्क कट, जास्तीत जास्त ६०, आणि १६ मिनिटं ओलांडली की बाद. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सिग्नेचर ड्रिंक धडाधड येतं, सूचना पळतात, पेन गळू देऊ नकोस.

अक्षर! स्पर्धा संपल्यावर स्पर्धकाला शीट दाखवून चर्चा असते. त्याला तुझं लिहिलेलं वाचता यायला हवं. साधं इंग्लिश, छोटी वाक्यं. "नाइस बॉडी" असलं लिहू नकोस, त्यातून त्याला काय कळणार? "जड, सायीसारखं, पण घोट गेल्यावर घशाला कोरड" हे कळतं.

कॅफीन. युरोपियन फूड सेफ्टीवाल्यांच्या हिशोबाने निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, एका एस्प्रेसोत ढोबळ ६० ते ८०. तू पूर्ण कप पीतच नाहीस, घोट घेतेस, त्यामुळे वाटतं तितकं होत नाही, पण दुपारपर्यंत छाती धडधडते हे खरं. रिकाम्या पोटी अजिबात नाही. सकाळी ब्रेड, अंडं, केळं. मध्ये साधं पाणी. ब्रेकमध्ये जजेसच्या खोलीत कुणीतरी हमखास भारी फिल्टर कॉफी करून देतो, त्याला हात जोड. कपिंगला (ओळीने कप मांडून चाखणं) किंवा ब्रूइंगच्या स्पर्धेत थुंकायचा कप असतो तिथे लाजू नकोस, थुंक.

आणि ठेच्याचं म्हणशील तर महिनाभर उपास करायची गरज नाही, जीभ इतकी नाजूक नसते. दोनतीन दिवस आधीपासून झणझणीत, कच्चा लसूण-कांदा, तोंड भाजेल असं गरम टाळ. स्पर्धेच्या सकाळी पुदिन्याची टूथपेस्ट नको, घासायचंच तर खूप आधी. बडीशेप, वेलची, लवंग, च्युइंगगम बंद. परफ्यूम, सुगंधी तेल, वासाचं हँड क्रीम, वासाची लिपस्टिक सगळं घरी. गजरा तर विचारूच नको. शेजारच्या जजच्या कपात तुझा मोगरा उतरतो. हॉटेलच्या साबणालाही वास असतो, आपला बिनवासाचा ने.

दरवळ_पुणे

बाप रे, प्रिंट काढून ठेवतेय हे! साबण खरंच डोक्यात आला नव्हता. बोर्डिंग_पास दादा, आयोजकांना पत्र बदलून द्यायला आजच मेल टाकला.

यारा_काठची

मेलबर्नहून. कॅफेत काम करते, स्पर्धकांची हेल्पर म्हणून बॅकस्टेजला राबलेय, जज नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूचं सांगते.

दुधाच्या राउंडसाठी वेगळी तयारी कर. आपल्याकडे घरी म्हशीचं, कॅफेत टोन्ड टेट्रापॅक, त्याची चव डोक्यात पक्की बसलेली असते. स्पर्धेत येणारं दूध भलतंच असतं. बरेच जण दूध गोठवून, मग हळूहळू वितळू देऊन पहिलं गोड दाट तेवढं घेतात आणि पाण्याचा बर्फ मागे ठेवतात. बासुंदीला आपण आटवतो ना, तसं दाट, पण आच न लागल्यामुळे ती खमंग शिजलेली चव नसते, गोडवा मात्र जबरदस्त. पहिल्यांदा प्यायलं की वाटतं यात साखर घातलीय, आणि चुकीचे मार्क पडू शकतात. घरी फ्रीझरमध्ये करून बघ, सोपं आहे, स्टीम करून एस्प्रेसोवर घाल आणि पीत राहा. शिवाय २०२३ पासून वर्ल्डच्या नियमांत ओट, सोया वगैरे वनस्पतींचं दूधही चालतं, तेव्हा ओटवरही जीभ बसव, त्याला मागून एक धान्याचा पिठूळपणा असतो तो कॉफीचा दोष समजू नकोस.

ब्लॅककरंटबद्दल. मी नगरची, इथे येईपर्यंत मीही खाल्लं नव्हतं. सुपरमार्केटमध्ये मिळणारा चांगला इंपोर्टेड जॅम आण, आइस्क्रीम नको, त्यात नुसता इसेन्स. आणि एका बाजूला जांभूळ ठेव. दोन्हीला तो गडद जांभळा रस आहे पण जांभूळ जीभ आवळून धरतं, ब्लॅककरंटचा आंबटपणा जास्त उघडा आणि मागून थोडा पाल्याचा वास. असा फरक एकदा तोंडात बसला की कप आला तर ओळखतेस. बर्गामोटसाठी अर्ल ग्रे चहा. एल्डरफ्लॉवरचं सरबत मिळतं. ते ३६ बाटल्यांचं वासाचं किट महाग आहे, कुणाशी तरी वाटून घे, पण नुसता वास आणि तोंडातली चव यात खूप अंतर असतं. मंडईत जाऊन करवंद, फालसा, आवळा, तुती, तीन प्रकारचे गूळ असं शेजारी शेजारी ठेवून चाखणं मला जास्त उपयोगी पडलं.

फिरंगी जजेसना आपल्या चवींचं भारी कुतूहल असतं बरं का. कोकम सांगितलंस तर विचारतील. फक्त शीटवर कोकम लिहू नकोस, स्पर्धकाला तो शब्द परका पडेल.

सदाशिवपेठी

दूध गोठवून पाणी काढायचं. आमचा गवळी उलटं करायचा.

मलनाडची_सून

माहेर कोल्हापूर, सासर चिकमगळूर, घरची लहानशी इस्टेट, अरेबिका वर आणि रोबस्टा खाली. वाचनखूण साठवली.

सदाशिवपेठी काकांना उत्तर. इटालियन लोकांना कॉफी कळते, त्यांची कॉफी वेगळी आहे एवढंच. बारमध्ये उभ्याने दोन घोटांत संपवायची, डार्क रोस्ट, आणि ब्लेंडमध्ये बऱ्याचदा रोबस्टा, त्याने फेस जाड येतो. आणि तो रोबस्टा येतो कुठून? भारताच्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे. आमच्याकडच्या क्युरिंग वर्क्समधून (दाणे सोलून-निवडून तयार करायचे कारखाने) जी पोती निघतात त्यातली बरीचशी तिकडेच जातात आणि तिथे ब्लेंडमध्ये विरघळून जातात, पाकिटावर आमचं नाव काही येत नाही. स्पर्धेत याच्या अगदी उलट, तिथे बरिस्ता मळ्याचं नाव, उंची, झाडाची जात, प्रोसेस सगळं घडाघडा सांगतो. २०११ ला बोगोटात एल साल्व्हाडोरचा मुलगा जिंकला, कॉफी पिकवणाऱ्या देशातला पहिलाच. २०२३ चा ब्राझीलचा विजेता तर मळेवाल्या घरातलाच, २०२४ ला इंडोनेशिया. आपल्या लोकांचं नाव त्या यादीत यायला अजून किती वर्षं कोण जाणे, पण ताई जजच्या टेबलावर बसली तरी आम्हाला इथे बरं वाटेल. मिलानमध्ये वेळ काढून साध्या गल्लीतल्या बारमध्ये एस्प्रेसो पी, स्पर्धेतल्या कॉफीच्या शेजारी ठेवून बघ. कदाचित त्यात आमचेच दाणे असतील.

एक महत्त्वाचं. तू रोस्टर आहेस म्हणजे कुणाकुणाकडून ग्रीन (न भाजलेले दाणे) घेतेस. समजा एखादा स्पर्धक त्याच इस्टेटची कॉफी घेऊन उभा राहिला, किंवा तू ज्याला कधी ट्रेनिंग दिलंय तो आला, तर हेड जजला आधीच सांगून टाक. नंतर कुणी उकरून काढलं तर तुझंही नाव खराब आणि त्या पोराचंही.

(आणि महाराष्ट्रात कॉफी पिकत नाही म्हणणाऱ्यांनी चिखलदऱ्याला जाऊन यावं.)

बोर्डिंग_पास

शाकाहारी असाल तर एक राहिलं. मिलानचा तो पिवळा केशरी रिसोट्टो बघून वाटतं आपला केशरी भातच, पण पारंपरिक पद्धतीत त्यात बैलाच्या हाडातला मगज आणि मांसाचा स्टॉक असतो. विचारून मागवा. पार्मेजान चीजमध्येही जनावराचं रेनेट (पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं द्रव्य) असतं, कडक पाळणाऱ्यांसाठी सांगतोय.

दरवळ_पुणे

मी अंडं खाते फक्त, त्यामुळे रिसोट्टोबद्दल डबल थँक्यू!

मलनाडची_सून ताई, तुम्ही म्हणताय ते माझ्या डोक्यातच नव्हतं, दोन इस्टेट्स आहेत ज्यांचा माल मी घेते, त्यांची नावं आधीच मेलवर कळवते. त्यावरूनच शेवटचा प्रश्न. माझ्या रोस्टरीची पाव किलोची काही पाकिटं सोबत नेऊ का? एवढ्या लांब जातेय तर चार लोकांनी चाखावी असं वाटतंय. नवरा म्हणतो व्हिजिटिंग कार्डही छापून घे.

नॉकबॉक्स

ने की, भाजलेली कॉफी स्वतःपुरती न्यायला अडचण येऊ नये, पाकिटं सीलबंद ठेव आणि पावती जवळ असू दे. पण फायनलचा निकाल लागेपर्यंत बॅग उघडायची नाही, स्पर्धकाला नाही, त्याच्या कोचला नाही, त्याला कॉफी पुरवणाऱ्या रोस्टरला तर नाहीच. कार्डाचंही तसंच. निकाल लागला की जजेस, स्पर्धक सगळे एकत्र जेवायला जातात, तेव्हा वाट खुशाल. आणि लाइट रोस्ट नेत असशील तर निघायच्या आठवडाभर आधी भाज, तिथे पोचेपर्यंत गॅस निघून बरोब्बर पिण्याजोगी होते. पाकिटावर रोस्ट डेट घाल, ते लोक आधी तीच बघतात.